कृपा, वतन आणि हक्क

बीटिगहाइमकडे जाणारी एस ५ लुडविग्सबुर्ग सोडून आस्पर्गजवळ आली की द्राक्षमळ्यांच्या वर एक बुटकी टेकडी दिसते आणि तिच्या माथ्यावर किल्ल्याची तटबंदी. हा होहेनआस्पर्ग. इथले लोक थट्टेनं त्याला व्युर्टेंबर्गमधला सर्वांत उंच डोंगर म्हणतात : वर जायला पाच मिनिटं पुरतात, खाली यायला मात्र वर्षं लागतात. किल्ला म्हणजे कित्येक पिढ्यांचा तुरुंग. आजही तिथं कैद्यांचं इस्पितळ आहे आणि एका इमारतीत लहानसं संग्रहालय. आपल्या मंडळातले कितीतरी जण रोज या गाडीनं कामावर जातात, पण टेकडी चढून गेलेले थोडेच भेटतात. यंदाच्या अंकासाठी 'युरोपातल्या प्रबोधनयुगाबद्दल काही लिहा' असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला पॅरिस किंवा लंडन आठवलं नाही, ही टेकडी आठवली.

१७७७ सालच्या जानेवारीत क्रिस्टियान शूबार्ट नावाच्या माणसाला इथं आणून कोंडलं. शूबार्ट कवी, उत्तम वादक आणि पत्रकार. त्याचं वर्तमानपत्र उल्ममधून निघे. उल्म तेव्हा स्वतंत्र शहर होतं, व्युर्टेंबर्गच्या ड्यूकचा हुकूम तिथं चालत नसे. म्हणून ड्यूकच्या माणसांनी त्याला काहीतरी निमित्त काढून हद्दीच्या आत, ब्लाउबॉयरनला बोलावलं आणि तिथं धरलं. त्यानं दरबाराची टर उडवली होती, ड्यूकच्या लाडक्या बाईबद्दल लिहिलं होतं, असं सांगतात. सांगतात एवढंच म्हणता येतं, कारण आरोपपत्र नव्हतं आणि खटलाही नव्हता. पहिलं वर्षभर तर एकटाच कोठडीत, कागद नाही, भेट नाही. एकूण दहा वर्षं.

आता हा ड्यूक कोण ? श्लोसप्लाट्झवरचा नवा राजवाडा ज्यानं उभा करायला घेतला, जंगलात जोलिट्यूडचा महाल ज्यानं बांधला, तोच कार्ल ऑयगेन. त्याला निव्वळ जुलमी राजा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तरुणपणी तो बर्लिनला फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारात राहिलेला. १७६५ साली त्यानं सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केलं, दर्जा न पाहता सगळ्यांना खुलं. आजची इथली लांडेसबिब्लिओथेक ती हीच. मुलांसाठी शाळा काढली, ती वाढत जाऊन होहे कार्ल्सशूले नावाचं विद्यापीठ झाली. निसर्गशास्त्र, वैद्यक, कायदा, नवं तत्त्वज्ञान, सगळं तिथं शिकवलं जाई. पुढं प्राणिशास्त्रात अजरामर झालेला फ्रेंच शास्त्रज्ञ कूव्हिए तिथलाच विद्यार्थी. आणि १७७८ साली, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, या राजानं राज्यातल्या चर्चमधून एक जाहीरनामा वाचून दाखवायला लावला : माझ्या हातून चुका झाल्या, यापुढं प्रजेच्या सुखासाठी राज्य करीन. किती राजांनी असं केलं आहे ? शूबार्ट त्या वेळी टेकडीवर एक वर्ष काढून बसला होता, आणि पुढं आणखी नऊ वर्षं बसला. ग्रंथालय लुडविग्सबुर्गहून स्टुटगार्टला आलं तेही १७७७ सालीच, म्हणजे शूबार्टला धरलं त्याच वर्षी.

या कार्ल्सशूलेत फ्रीडरिश शिलर वयाच्या तेराव्या वर्षी दाखल झाला. त्याला धर्मशास्त्र शिकायचं होतं, पण राजाची इच्छा मोडण्याची सोय नव्हती. मुलगा आयुष्यभर राजाच्या नोकरीत राहील असं आईबापांना लिहून द्यावं लागे. पत्रं तपासली जात, सुट्टी नव्हती. सरदारांच्या मुलांनी ड्यूकच्या हाताचं चुंबन घ्यायचं, बाकीच्यांनी त्याच्या अंगरख्याच्या टोकाचं. याच भिंतींच्या आत मुलं रूसो वाचत होती. शिलरचं 'डी रॉयबर' हे नाटक जानेवारी १७८२ मध्ये मानहाइमला रंगभूमीवर आलं. मानहाइम दुसऱ्या राज्यात, म्हणून तो न विचारता गेला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा चौदा दिवसांची कैद झाली आणि नाटकं लिहायची नाहीत असा हुकूम. सप्टेंबरमध्ये जोलिट्यूडवर रशियाच्या युवराजासाठी रोषणाई चालली होती, त्या रात्री शिलर मित्राबरोबर शहराबाहेर पडला. टेकडीवरच्या शूबार्टला तो आधी भेटून आला होता. आपलं पुढं काय होऊ शकतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

या घटनांपाठोपाठ दोन वर्षांनी, १७८४ साली, कांटनं 'आउफक्लेरुंग म्हणजे काय' हा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. आउफक्लेरुंग हा जर्मन शब्द आभाळ निवळण्यासाठीही वापरतात. मला तो 'प्रबोधन' किंवा 'ज्ञानोदय' यांपेक्षा जवळचा वाटतो. दुसऱ्याच्या बुद्धीनं चालायचं सोडून स्वतःच्या बुद्धीनं चाला, असं कांटचं म्हणणं. पण त्याच लेखात तो फ्रेडरिकची भलावण करतो, कारण तो राजा प्रजेला हवा तेवढा वाद घालू देतो, फक्त आज्ञा पाळायला सांगतो. विचार करायची मुभा आहे, ती राजानं दिली म्हणून. उद्या काढून घेतली तर ? कार्ल ऑयगेननं शाळाही दिली आणि कोठडीही दिली, आणि दोन्हींचा उगम एकच होता : त्याची मर्जी. चांगला राजा आणि वाईट राजा हा फरक इथं उपयोगाचा नाही. कृपा ही कृपाच, मग ती कितीही मोठ्या मनानं केलेली असो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे हा विषय मला का चावतो ते कळेल. मी १९७७ साली हायडेलबर्गला पीएचडीसाठी आलो. पुढच्या वर्षी राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायला एका कचेरीत गेलो होतो. एक कागद कमी पडला. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, तो कागद नियमांत लागत नाही असं काहीसं म्हणालो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी फाइल मिटली आणि शांतपणे सांगितलं की तुम्हाला इथं राहू देणं ही मेहेरबानी आहे, मागायची गोष्ट नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. बाहेर आल्यावर मला वाटलं, हे वाक्य मी कुठंतरी वाचलं आहे. मराठी कागदपत्रांत वाचलं होतं. माझा प्रबंध वतनसंस्थेवर होता.

इथं वाढलेल्या तरुण वाचकांसाठी वतन म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या गावगाड्यात पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची कामं वंशपरंपरेनं चालत. त्या कामाबरोबर जमीन, धान्याचा वाटा आणि मानपान येई. पोळ्याला पाटलाचा बैल सगळ्यांच्या पुढं असे. हे सारं सनदेनं मिळालेलं, बापाकडून मुलाकडं जाणारं. ते विकता येई, भावांत वाटता येई, आणि त्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडत. राजाला ते सहजासहजी काढून घेता येत नसे. या उत्पन्नाला जुन्या कागदांत शब्द आहे 'हक्क' : हक्क-लवाजमा, हक्क-मानपान. म्हणजे आज आपण ज्याला मानवी हक्क म्हणतो त्यातला हक्क हा शब्द शे-दोनशे वर्षांपूर्वी नेमका उलट्या अर्थाचा होता. जे माझं आहे आणि तुझं नाही, तो हक्क.

माझ्या मार्गदर्शकांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, हे तर आमच्याकडचंच आहे. 'फ्रायहाइट' हा शब्द जुन्या जर्मनमध्ये अनेकवचनी येतो आणि त्याचा अर्थ स्वातंत्र्य नसून खास सवलती असा असतो. मग त्यांनी मला ट्युबिंगनच्या कराराबद्दल सांगितलं.

१५१४ सालची गोष्ट. ड्यूक उलरिश कर्जात बुडाला होता. त्यानं मासावर कर बसवला तो असा की वजनंच हलकी केली : पैसे तेवढेच, माल कमी. रेम्स खोऱ्यातल्या बॉयटेल्सबाख गावच्या गाइसपेटर नावाच्या माणसानं ते नवं वजन नदीत टाकून त्याची परीक्षा घेतली : तरंगलं तर ड्यूक खरा, बुडालं तर शेतकरी खरे. वजन अर्थातच बुडालं. बंड पसरलं. त्याला 'गरीब कोनराड'चं बंड म्हणतात. घाबरलेल्या ड्यूकनं ट्युबिंगनला शहरांतल्या प्रतिष्ठितांबरोबर करार केला. त्यांनी त्याचं नऊ लाख गुल्डनहून जास्त कर्ज अंगावर घेतलं. बदल्यात ड्यूकनं कबूल केलं की त्यांना विचारल्याशिवाय नवे कर नाहीत, मोठं युद्ध नाही, ज्याला राज्य सोडून जायचं त्याला जाऊ देऊ, आणि न्यायनिवाडा झाल्याशिवाय कुणाला गंभीर शिक्षा नाही. हे मॅग्ना कार्टाच्या तोडीचं मानतात. युरोपात खऱ्या अर्थानं राज्यघटना दोनच, एक इंग्लंडची आणि दुसरी व्युर्टेंबर्गची, असा उद्गार इंग्लंडच्या चार्ल्स जेम्स फॉक्सच्या नावावर सांगतात.

पण करार झाला तो प्रतिष्ठितांशी. वजन नदीत टाकणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं ? बंड मोडलं, पुढाऱ्यांना शोर्नडॉर्फला आणि स्टुटगार्टला देहदंड झाला. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं राज्याची सभा या मोजक्या घराण्यांच्याच हातात राहिली, आपसांत सोयरिकी करत. त्यांना इथं 'एर्बारकाइट' म्हणत. माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं बरोबर होतं : हे वतनदारच.

तरी वतनालाही किंमत असते, हे मान्य केलं पाहिजे. कार्ल ऑयगेननं सात वर्षांच्या युद्धात सैन्य आणि पैसा उकळायला सुरुवात केली तेव्हा त्याला आडवी आली ती हीच सभा. तिचा कायदेसल्लागार योहान याकोब मोझर, देशातला नामांकित कायदेपंडित. १७५९ साली ड्यूकनं त्याला खटल्याशिवाय होहेनट्वीलच्या किल्ल्यात टाकलं. पाच वर्षं. शाई मिळत नव्हती, तर दिवा नीट करायच्या कात्रीच्या टोकानं तो कागदावर ओरखडे काढून लिहीत असे. पण मोझरच्या मागं करार होता, सभा होती. त्यांनी व्हिएन्नाला सम्राटाच्या दरबारी दाद मागितली, मोझर सुटला, आणि १७७० साली ड्यूकला जुने हक्क पुन्हा मान्य करावे लागले. शूबार्टच्या मागं असं काहीच नव्हतं. तो कुठल्याच सनदेत बसत नव्हता. तो फक्त माणूस होता, आणि माणूस म्हणून कुणाला काही मिळतं असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आणि त्याहून ज्यांचं कुणी नव्हतं त्यांची गोष्ट त्यानंच तुरुंगातून गायली. १७८७ साली ड्यूकनं एक अख्खी पलटण, सुमारे दोन हजार माणसं, पैसे घेऊन डच ईस्ट इंडिया कंपनीला दिली. ती लुडविग्सबुर्गहून निघाली, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला गेली आणि तिथून पुढं सिलोन, जावा. परत आले ते फार थोडे. शूबार्टनं त्यांच्यासाठी निरोपाचं गाणं लिहिलं, ते घरोघर गायलं गेलं. आशियात गोऱ्या कंपन्यांचे शिपाई म्हणून आलेली ही पोरं आपल्या इतिहासाच्या पुस्तकात फक्त 'डच' किंवा 'फिरंगी' असतात. त्यातली काही श्वाबी बोलणारी, विकलेली होती.

१७९१ साली तीन गोष्टी घडल्या. सुटून आलेला शूबार्ट स्टुटगार्टमध्ये वारला. पुण्यात घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. आणि लंडनमध्ये थॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग निघाला. पहिल्या दोन गोष्टींचा तिसरीशी संबंध नाही, पण तिसरीचा पुण्याशी लवकरच येणार होता.

लॉकनं शंभर वर्षांपूर्वी लिहिलं होतं की सरकार लोकांच्या संमतीनं चालतं. माँतेस्क्यूनं सत्ता एका हाती नसावी हे सांगितलं. रूसोनं सार्वभौम म्हणजे लोकच असं ठरवलं. हे शाळेत सगळे शिकतात, मी ते इथं उगाळत नाही. पेननं जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यानं भांडण नेमक्या जागी नेलं. त्याचा प्रतिस्पर्धी एडमंड बर्क. बर्कचं म्हणणं : इंग्रजांचे हक्क हे बापजाद्यांकडून वारशानं आलेली इस्टेट आहेत, म्हणून ते पक्के आहेत. आपल्या भाषेत, वतन. पेन म्हणाला, जुन्या काळाचा दाखला द्यायचा तर मधेच का थांबता ? शंभर किंवा हजार वर्षं मागं जाऊन एखादी सनद काढता. पार मागं जा, जिथं माणूस निर्मात्याच्या हातून नुकताच बाहेर पडला तिथपर्यंत. तिथं त्याची पदवी कोणती ? माणूस, एवढीच. सनद असलीच तर ती, आणि ती प्रत्येक मुलाबरोबर नव्यानं जन्माला येते.

पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेतून शिकून निघालेल्या जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास हे पुस्तक वाचलं. फुले तेव्हा विशीतले. पुढच्याच वर्षी ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला, आणि त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पेनचं पुस्तक वाचून फुल्यांना विचार सुचले असं म्हणणं मला पटत नाही. अपमान सोसायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. पुस्तकानं त्यांना युक्तिवाद दिला, आणि त्यांनी तो अशा ठिकाणी वापरला जिथं पेननं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. युरोपात जन्मसिद्ध मोठेपणा राजाचा आणि सरदारांचा होता. आपल्याकडं तो धर्मानं ठरवलेला, गावातल्या प्रत्येक घराला लागू, आणि घराच्या आत बाईलाही. फुल्यांचा 'निर्मिक' मला पेनच्या निर्मात्याचा सख्खा भाऊ वाटतो : त्यानं कुणालाही सनद दिलेली नाही. १८७३ साली 'गुलामगिरी' निघालं, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेलं. त्याच वर्षी सत्यशोधक समाज. 'मानवी हक्क' हे शब्द फुल्यांच्या लिखाणात येतात तेव्हा हक्क-लवाजम्यातला हक्क उलटा फिरलेला असतो. माझ्या मते मराठी भाषेत एकोणिसाव्या शतकात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि आपण त्याकडं शब्दकोशातली नोंद म्हणूनही पाहत नाही.

फुल्यांची एक अडचणही सांगावी. इंग्रज सरकारवर त्यांनी फार भरवसा टाकला; हक्क मागायचे ते राणीच्या दयाळूपणाच्या नावानं. 'शेतकऱ्याचा असूड' लिहीपर्यंत गोऱ्या अंमलदारांचाही त्यांना वीट आलेला दिसतो. इंग्लंडात त्याच काळात जॉन स्टुअर्ट मिल स्वातंत्र्याचा महान ग्रंथ लिहीत होता आणि पोटापाण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत काम करत होता. प्रातिनिधिक राज्य हिंदुस्थानला झेपणार नाही असं त्याचं मत. आगरकरांनी मिल वाचला, त्यातलं घेतलं, हे सोडून दिलं. बरं केलं.

इकडे व्युर्टेंबर्गमध्ये नेपोलियनच्या धामधुमीत राजानं जुनी सभा मोडून टाकली होती. १८१५ साली त्यानंच नवी राज्यघटना पुढं केली, तर प्रतिष्ठित मंडळी म्हणाली, आम्हाला तुमची घटना नको, आमचा 'जुना चांगला हक्क' परत द्या. कवी उलांट त्यांच्या बाजूनं. स्टुटगार्टच्या एबरहार्टश्ट्रासंवर जन्मलेला हेगेल तेव्हा हायडेलबर्गला प्राध्यापक होता. १८१७ साली त्यानं लांबलचक लेख लिहून या मंडळींची सालं काढली. जुनं आहे म्हणून चांगलं कसं ? जे बुद्धीला पटत नाही ते शंभर वर्षं चाललं तरी हक्क होत नाही. हेगेल बरोबर होता. पण तो राजाच्या बाजूनं उभा राहिला, आणि राजाच्या हातून मिळालेली घटना ही पुन्हा कृपाच. शेवटी १८१९ साली दोन्ही बाजूंनी वाटाघाटी करून घटना ठरवली, वरून लादलेली नव्हे. भूदासपद १८१७ मध्ये गेलं. ज्यूंना बरोबरीचं नागरिकत्व मिळायला १८६४ उजाडलं, आणि बायकांना मत १९१८ नंतर.

'जुना चांगला हक्क' हे शब्द वाचताना मला प्रत्येक वेळी महाड आठवतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळानं बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह जाऊन त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. विरोधक कोर्टात गेले आणि म्हणाले, अस्पृश्यांना इथं न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, तो आमचा हक्क. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला : अशी अनादी वहिवाट सिद्ध होत नाही. दहा वर्षं लागली. त्याआधी, डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेत, आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली होती आणि परिषदेनं माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला होता. कोकणातल्या एका गावात, व्हर्सायचं नाव घेऊन. ही उसनवारी नव्हती; फ्रान्सनं अर्ध्यात सोडलेलं काम पुढं नेणं होतं.

त्याच्या लगोलग, १९२८ साली, आंबेडकरांनी कायदेमंडळात एक विधेयक आणलं, त्याची चर्चा कमी होते. महारांचंही वतन होतं. बिदरच्या बादशहानं दिलेले बावन्न हक्क अशी परंपरा सांगत. हक्क कसले ? गावाची चोवीस तासांची वेठ, आणि बदल्यात थोडी जमीन, मेलेल्या जनावराचं कातडं, दारोदारच्या भाकरी. आंबेडकरांचं म्हणणं होतं, हे हक्क सोडा. विधेयक तडीस गेलं नाही, आणि ही वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. पण त्यात आपल्या लोकांना सांगितलेली गोष्ट अवघड होती : खऱ्या हक्कासाठी आधी हातातला 'हक्क' टाकावा लागतो. एर्बारकाइटला हे कधी जमलं नाही, कारण त्यांच्या हातात फार होतं. पण ज्याच्या हातात शिळी भाकरी आहे त्यालाही ती टाकणं सोपं नसतं.

बायकांचं काय ? कांटनं बायका, नोकर आणि मजूर यांना मतदार नागरिकांतून वगळलं होतं. फ्रान्समध्ये ओलँप द गूजनं १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, दोन वर्षांनी तिचा गिलोटिनखाली अंत झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ ची. आणि स्टुटगार्टचा मान : ऑगस्ट १९०७ मध्ये क्लारा झेटकिननं पहिली आंतरराष्ट्रीय समाजवादी महिला परिषद इथं भरवली आणि बायकांना मत हवं असा ठराव केला. प्रशियात तेव्हा बायकांना राजकीय संघटनेत जाण्याचीही बंदी होती. त्याच आठवड्यात, त्याच शहरात, मुंबईच्या मादाम कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकावला. झेंड्याची गोष्ट आपल्या मंडळात दर पंधरा ऑगस्टला सांगितली जाते. परिषदेची कुणी सांगत नाही.

एक प्रश्न उरतो. राजा गेला, वतनं गेली, संसद आली. आता हक्क देणारी संसद. तिच्या बहुमतानं उद्या ते काढून घेतले तर ? जर्मनीत १९३३ साली हेच झालं. फेब्रुवारीत एका हुकमानं मूलभूत हक्क स्थगित, मार्चमध्ये संसदेनंच सगळे अधिकार हिटलरला दिले. त्या मताला हो म्हणणाऱ्यांत थेओडोर हॉयस होते, जे पुढं पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले; फॉयरबाखर वेगवरचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. १९४९ च्या राज्यघटनेत म्हणूनच कलम ७९ आहे : माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाहीचा पाया कुठल्याही बहुमतानं बदलता येणार नाही. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले कायद्याचे अभ्यासक डीटरिश कोनराड यांनी १९६५ साली बनारसला व्याख्यान देऊन हा प्रश्न भारतीयांपुढं मांडला : तुमच्या संसदेला घटना बदलण्याचा अधिकार आहे, त्याला काही हद्द आहे का ? मुंबईचे वकील नानी पालखीवाला यांनी तो धागा उचलला, आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध सहा असा निकाल दिला : घटनेचा मूळ गाभा संसदेलाही मोडता येणार नाही. एका मतानं. दोनच वर्षांनी आणीबाणी आली. माझे एक ज्येष्ठ सहकारी मिसाखाली अठरा महिने तुरुंगात होते. आरोपपत्र नाही, खटला नाही. शूबार्टबद्दल मी पुढं वाचलं तेव्हा मला त्याचा चेहरा त्यांच्यासारखा दिसला.

कांटवर मी वर थोडा रागावलो, तर त्याची फेड करतो. १७९५ साली त्यानं 'शाश्वत शांतता' हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो परक्या देशात आलेल्या माणसाबद्दल बोलतो. तो शांतपणे वागत असेल तर त्याला शत्रूसारखं वागवू नये, आणि कांट मुद्दाम सांगतो की हा परोपकाराचा विषय नाही, हक्काचा आहे. अर्थात येण्याचा हक्क, राहण्याचा नव्हे. यजमानाचा करार लागतो. आणि तिथंच तो व्यापारी वखारींच्या नावाखाली हिंदुस्थानात परकं सैन्य घुसवणाऱ्यांची खरडपट्टी काढतो. लुडविग्सबुर्गची पलटण निघून आठ वर्षं झाली होती.

१९७८ सालचे ते गृहस्थ कायद्याप्रमाणं चूक नव्हते. त्या काळी परक्याला नागरिकत्व देणं न देणं पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर होतं. देशाचं त्यात हित दिसलं तर द्यावं, असा नियम. १९९१ पासून तो सैल होत गेला, आणि १९९३ पासून अटी पुऱ्या करणाऱ्यांना तो कायदेशीर हक्क झाला. जर्मन कायद्यात आजही हे दोन दरवाजे वेगळे आहेत : एक मर्जीचा, एक हक्काचा.

माझी मुलगी इथंच जन्मली. सोळाव्या वर्षी तिनं नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं. इथं वाढलेल्या, इथं शिकलेल्या मुलांसाठी तेव्हा हक्काचा दरवाजा उघडला होता. अर्जासोबतचं पत्र मी लिहून दिलं. वीस वर्षांची सवय, त्यामुळं सुरुवात अशी होती की आपण कृपाळू होऊन माझ्या अर्जाचा विचार करावा अशी नम्र विनंती. तिनं ते वाचलं, पेन काढलं आणि म्हणाली, "बाबा, हे कशाला ?" पहिलं वाक्य सबंध खोडून तिनं वर एवढंच लिहिलं : कलमाचा क्रमांक, आणि मी अर्ज करते आहे.